आन्वीक्षिकीची खोली

टाळेबंदी पहिली होती की दुसरी, हे रघुवीररावांना आता छातीठोकपणे सांगता येत नाही. आनंदीबाई म्हणतात दुसरी. जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने पुराव्याशिवाय बोलू नये, म्हणून ते नुसतं ‘टाळेबंदीत’ म्हणतात, आणि तेही बायको आत असताना. नात मात्र त्याच काळात झाली, याबद्दल दुमत नाही.

सुनेचं, म्हणजे आकांक्षाचं, भायखळ्याचं माहेर सील झालेलं. त्यामुळे बारसं दादरच्या घरीच ठरलं. घरची माणसं पाळण्याभोवती, बाकी गोतावळा मोबाइलवर. मुलगा अनिश म्हणाला, फुकटचं अ‍ॅप आहे, लिंक टाकतो, संपला विषय. रघुवीररावांच्या मते विषय तिथे सुरू होत होता.

कारण नाव त्यांनी सुचवलं होतं. आन्वीक्षिकी. म्हणजे तर्कविद्या. ज्या विषयाला वर्गात मागच्या बाकांवर उभा जन्म नुसत्या डुलक्या मिळाल्या, तो आता आपल्या घरात पाळण्यात झुलणार, या कल्पनेने ते येता-जाता पाळण्याला झोका देत. अनिश ‘बघू, बाबा’ म्हणाला होता. आकांक्षा ‘वेगळं आहे’ म्हणाली होती. वरळीहून येणारी त्यांची मुलगी नूपुर, म्हणजे बाळाची आत्या, हिने ते दोनदा म्हणून पाहिलं होतं आणि वर पाणी प्यायली होती. रघुवीररावांनी या तिन्हींवरून होकाराचा निष्कर्ष काढला. (पेपर तपासताना असल्या निष्कर्षाला त्यांनी शून्य दिलं असतं.)

आत्याने कानात कुर्र करेपर्यंत नाव गुप्त राहायला हवं. आणि ही अ‍ॅपवाली मंडळी घरातलं बोलणं ऐकतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

“माझ्या नातीचं नाव आधी तिच्या कानात जाईल,” ते म्हणाले, “परक्या कंपनीच्या नाही. आपण आपला सर्व्हर उभा करू.”

अनिशने कपाळाला हात लावला. आनंदीबाईंनी एवढंच विचारलं, की तो उभा कुठे करणार, कारण बाल्कनीत कपडे वाळत असतात.

स्वतःच चालवता येईल असं व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि ते ठेवायला क्लाउडवर भाड्याची जागा मिळते, हे त्यांनी शोधून काढलं. जागा कुठल्या शहरात हवी, असं पडद्यावर विचारलं होतं आणि यादीत चक्क मुंबई होती. मुंबईत जागा, तीही पागडीशिवाय! शिवडीत की वरळीत, ते मात्र कुणी सांगेना. मग त्या काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टाइप करणं आलं. दर वेळी एंटर दाबण्याआधी ते देवाचं नाव घेत आणि दाबल्यावर आपलं काहीतरी चुकलंच असणार असं गृहीत धरत. बहुतेक वेळा ते बरोबर निघे. एकदा तर त्यांनी अख्खा सर्व्हर पुसून टाकला आणि दोन घास कमी जेवले.

शेवटी तो चालू लागला. दोघं बोलत असली की चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. तिसरं माणूस आलं की सगळ्यांचेच चेहरे काळे आणि सगळेच मुके. संसारात असं होतं हे त्यांना ठाऊक होतं, संगणकातही होतं हे नव्हतं. अनिश हळूच म्हणाला, बाबा, राहू द्या ना. त्यावर ‘राहू देणार नाही’ असं सुनावून ते पुन्हा खुर्चीत बसले. सर्व्हरचा एक दरवाजा बाहेरून बंद राहिला होता. तो उघडला आणि चौथा, पाचवा, सगळे दिसू लागले. रघुवीरराव त्या दिवशी घरात जरा ताठ चालले.

एकच काम उरलं होतं. मीटिंगच्या खोलीला नाव द्यायचं होतं. खाली सूचना होती, की नाव सहज ओळखता येणारं नको, नाहीतर कुणीही ते टाइप करून आत शिरेल. रघुवीररावांनी शांतपणे विचार केला. जगात कुणालाही ओळखता येणार नाही असा शब्द कोणता? उत्तर एकच होतं, आणि तर्काच्या दृष्टीने निर्दोष होतं. त्यांनी तो शब्द टाइप केला आणि लिंक सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली.

नूपुरचा फोन लगेच आला.

“बाबा, त्या लिंकच्या शेवटी काय लिहिलंय?”

“खोलीचं नाव.”

“आणि बाळाचं?”

रघुवीररावांनी चष्मा पुसून लिंक पुन्हा वाचली. “तेच,” ते म्हणाले.

“मग उद्या मी पाळण्यात काय सांगू? पत्ता?”

त्यांनी लिंक पुसली. तोवर एका चुलतभावाने ‘हे औषधाचं नाव आहे का?’ असं ग्रुपवर विचारलंही होतं. आनंदीबाई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, की फुटलेलं नाव पाळण्यात ठेवत नाहीत, तशी पद्धतच आहे. रघुवीररावांनी कपाटातले सगळे ग्रंथ उलटले. असली पद्धत कुठेच नव्हती. पण ती नाही, असंही कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि संशयाचा फायदा समोरच्याला देण्याची त्यांना जुनी खोड होती.

“ठीक आहे,” ते म्हणाले, “नाव जाईल. सर्व्हर जाणार नाही. बारसं माझ्याच सर्व्हरवर होईल.”

आणि झालं. खोलीचं नाव बदललं, गोतावळा जमला. नूपुरने कानात कुर्र केलं आणि जाहीर केलं, “इरावती.” पाळण्यामागच्या भिंतीवरचा पडदा सरकला. मागे पुठ्ठ्याची सोनेरी अक्षरंही इरावतीचीच. एका रात्रीत अक्षरं करून घेतली, पोरं कर्तबगार आहेत, असं वाटून रघुवीररावांनी डोळे टिपले. मोबाइलवरच्या नातेवाइकांच्या तोंडावर त्यांना सुटकेसारखं काहीतरी दिसलं, पण तो चित्राचा दोष असावा. चित्र एकदाही अडकलं नाही. हे त्यांनी पुढे वर्षभर, न विचारता, सगळ्यांना सांगितलं.

ते एका रात्रीत जमलं कसं, हा प्रश्न त्यांना पडायला मात्र काही वर्षं गेली. गेल्या गणपतीच्या आधी मखराची चौकशी करायला ते लालबागला गेले, तेव्हा अक्षरं करणाऱ्या हेरंबला त्यांनी सहज विचारलं.

“एका रात्रीत कुठे, काका?” हेरंब म्हणाला. “ऑर्डर आठवडाभर आधीची. काकूंचा फोन होता. मी म्हटलं, एकदा काकांना विचारून घ्या. तर म्हणाल्या, नको रे, ते सर्व्हर करतायत, तेवढाच आठवडा घरात शांतता आहे.”