शून्य वाहनांचा रस्ता

रविवार, १४ मार्च २०१०. वेळ सकाळी सहा ते सात. रस्ता उलव्याचा, खाडीपर्यंत जाणारा. एकूण वाहने शून्य. हजर: एझ्रा झिराडकर, सौ. रिबेका झिराडकर आणि मी.

ही नोंद झिराडकरकाकांनी स्वतःच्या हाताने, माझ्यादेखत केली, आणि ती खोटी आहे. त्या तासात त्या रस्त्यावर एक वाहन होतं. मी ते पाहिलं, काकांनी पाहिलं, आणि तरी काकांनी शून्य लिहिलं. काकांना ओळखणाऱ्या कोणालाही मी हे सांगितलं तर तो मलाच खोटं ठरवील.

काका पनवेलला आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहायचे. तळोज्याच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं सुट्या भागांची मापं तपासली. चांगला माल त्यांनी नापास केला असेल, पण वाईट माल त्यांच्या हातून कधी पास झाला नाही. निवृत्त झाल्यावर तपासायला सुटे भाग उरले नाहीत, म्हणून ते रस्ते तपासायला लागले. सायकलवर बसून जायचं, एखाद्या मैलाच्या दगडावर ठाण मांडायचं आणि तासाभरात किती वाहनं गेली ते वहीत लिहायचं. ज्या रस्त्यावर एका तासात एकही वाहन येत नाही, असा रस्ता त्यांना हवा होता.

"दोन-चार वाहनं गेली तर काय बिघडतं, काका?" मी विचारलं होतं.

"शून्य म्हणजे शून्य!" काका ओरडले. काका नेहमी ओरडूनच बोलायचे. रिबेकाकाकूंना बेताचंच ऐकू यायचं, तोंडासमोर उभं राहून बोललं तर ओठांवरून कळायचं. चाळीस वर्षं त्यांच्याशी बोलून काकांचा आवाज असा झाला होता की ते सुकापुरात पालेभाजीचा भाव करत असले तर विचुंब्यात कळावं.

दुसरी गंमत त्यांच्या सायकलची. ती लेडीज सायकल होती. जांभळी, पुढे टोपली. सहा फुटांचा माणूस गुडघे हनुवटीपर्यंत आणत त्या सायकलवरून निघाला की रिक्षा स्टँडवरून कोणीतरी हाक द्यायचंच, "काका, काकूंची गाडी कुठं पळवली?"

"चाकं दोनच आहेत ना? मोजा!" काका थांबून सांगायचे.

मी या भानगडीत सापडलो तो माझ्या नोकरीमुळे. मी जासईच्या एका कंटेनर डेपोत मोजणी कारकून आहे. फाटकातून आत येणारा प्रत्येक कंटेनर मी मोजतो, एकोणीस वर्षं मोजतोय. काकांना हे कळल्या दिवशी त्यांनी मला जिन्यातच गाठलं.

"सावंत, तालुक्यातले सगळे रस्ते तुमच्या कंटेनरांनी खाल्ले. आता तुम्हीच मला एक परत मिळवून द्या."

"कधीपर्यंत?"

"चौदा मार्च. सतराला आमचं विमान."

हे मला माहीत होतं. काकांचा मुलगा इस्रायलला, अश्दोदला असतो. ज्यूंच्या पेसाह सणाआधी दोघांनी कायमचं तिकडे यावं म्हणून त्याने तिकिटं पाठवली होती. आमच्या आळीतली त्यांच्या समाजाची बहुतेक घरं आधीच रिकामी झाली होती. मला वाटलं, म्हातारा जाण्याआधी एकदा निवांत सायकल चालवून घेणार. मी हो म्हटलं.

शनिवारी शाब्बाथ, त्यांचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी काका पेनाला हात लावत नसत. म्हणून मोजणी रविवारी. जानेवारीत आम्ही सुकापूरहून नेऱ्याकडे जाणारा रस्ता धरला. तासात अकरा वाहनं. शिवाय एक बैलगाडी, तिच्यावरून आमचा वाद झाला.

"बैलगाडी अर्धी धरा," काका म्हणाले.

"अर्धी कशी धरणार?"

"समोर माणूस दिसला की बैल आपणहून थांबतो. ट्रक थांबतो का? म्हणून अर्धी."

पुढे वडाखाली एक टेम्पो उभा होता, आत ड्रायव्हर झोपलेला. मी तो सोडून दिला, तर काकांनी माझ्या हातातून पेन घेतलं. "उभा असला म्हणून काय झालं? मनात आलं की निघेल. उभं वाहनही एक!" झाली साडेबारा वाहनं. नेऱ्याचा रस्ता नापास.

विचुंब्याला नव्या इमारतींची कामं चाललेली, रेतीचे डंपर पहाटेपासून सुरू. तिथे आम्ही वीस मिनिटांतच उठलो. चिरनेरच्या बाजूला एक फार छान रस्ता सापडला, दोन्हीकडे भातखाचरं. पण तिथे सहा वाजून दहा मिनिटांनी पाववाला मोटारसायकलवरून यायचा. काका त्याला भेटून आले. "चौदा मार्चला जरा उशिरा येशील का?" पाववाला म्हणाला, "मंग गाव काय खायल?" काकांना ते पटलं. रस्ता मात्र नापास.

याच दिवसांत आमच्या इमारतीत एक वेगळाच त्रास सुरू झाला. मी सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, शिवाय सोसायटीचा सेक्रेटरी. पहाटे साडेपाचला गच्चीवरून घर्र घर्र आवाज यायचा आणि मग धाडकन काहीतरी आपटायचं. पाण्याच्या टाकीत हवा अडकत असेल म्हणून मी दोनदा प्लंबर बोलावला. त्याने दोन्ही वेळा टाकी साफ केली. आवाज चालूच. रिबेकाकाकू जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांच्या कोपराला पट्टी होती. मी तोंडासमोर जाऊन विचारलं, "काकू, काय लागलं?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "वय लागलं."

फेब्रुवारी संपत आला आणि काकांचा आवाज उतरला. वही जवळजवळ भरली होती, शून्य कुठेच नव्हतं. शेवटी उलवे मीच सुचवलं. तेव्हा तिथे शहर वसायचं होतं, रस्ते मात्र आधीच तयार होते. चार पदरी, मधे दुभाजक, दिव्यांचे खांब, सेक्टरच्या पाट्या, आणि पाटीमागे नुसतं गवत. त्यातला एक रस्ता सरळ खाडीपर्यंत जाऊन गोल चौकात संपत होता. चौकाच्या पलीकडे कोळंबीचे तलाव.

सात मार्चला काका सामानाची बांधाबांध करत होते, म्हणून मोजायला मी एकटा गेलो. रस्त्याच्या तोंडाशी स्कूटर लावली आणि तासभर बसलो. आत काहीही गेलं नाही. घरी येऊन सांगितलं, "काका, शून्य."

"डोळ्यांनी मोजलंत की बोटांनी?"

"बोटांनी."

काका काही ओरडले नाहीत. त्यांनी माझा हात हातात घेऊन नुसता हलवला.

चौदा तारखेला काका अंधारातच सायकलवरून पुढे निघाले. काकूंना जाण्याआधी खाडी बघायचीय, म्हणून त्यांना मी स्कूटरवर घेऊन आलो. त्यांच्या मांडीवर एक डबा होता आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. बूट पाहून मी मनात हसलो. पोचलो तेव्हा काका पान्याने सायकलची सीट खाली घेत होते.

मग काकूंनी ओढणी कमरेला बांधली आणि त्या सायकलवर बसल्या.

गच्चीवर काय आपटत होतं ते मला तेव्हा कळलं. प्लंबरच्या दोन्ही फेऱ्या फुकट गेल्या होत्या.

"लग्नात कबूल केलं होतं, पनवेलला गेलो की सायकल शिकवीन म्हणून," काका म्हणाले. पहिल्यांदाच ते माझ्याशी हळू बोलत होते. "मग टायफॉइडमध्ये तिचे कान गेले. मागून येणाऱ्याचा हॉर्न हिला कळणार कसा? राहून गेलं ते राहून गेलं. तिथे मुलाच्या गावात तर गाड्याच गाड्या."

काकांनी मागचं कॅरिअर धरलं आणि काकू निघाल्या. हँडल इकडेतिकडे होत होतं, काका मागे धावत होते. तिसऱ्या खांबापाशी त्यांचा दम संपला आणि त्यांनी हात सोडला. सायकल पुढे चालतच राहिली.

"धरलंय ना हो?" काकू मोठ्याने विचारत होत्या.

"धरलंय!" काका खांबाला टेकून ओरडले.

पाचव्या खांबापाशी पुन्हा, "धरलंय ना?"

"धरलंय गं!"

उत्तर ऐकू येणार नाही हे काकूंना माहीत होतं, आणि ऐकू जाणार नाही हे काकांना. तरी चौकापर्यंत हे असंच चाललं होतं. काकूंनी तिथे मोठं वळण घेतलं, जराशा डगमगल्या, सावरल्या आणि आमच्याकडे तोंड करून परत निघाल्या. सकाळच्या उजेडात त्यांचं हसू मला एवढ्या लांबूनही दिसत होतं.

तेवढ्यात त्यांच्या मागे, तलावाच्या बाजूने, एक टेम्पो रस्त्यावर चढला.

तेव्हा मला आठवलं. गेल्या रविवारी हाच टेम्पो माझ्या समोरून बाहेर गेला होता. मी त्याला हात करून सलामही केला होता. पण माझ्या डेपोत बाहेर जाणाऱ्याची नोंद दुसऱ्या खिडकीवर होते. मी एकोणीस वर्षं आत येणारे मोजतो. पहाटे चारला आत जाऊन सहानंतर बाहेर येणारा टेम्पो माझ्या बोटांवर आलाच नव्हता.

टेम्पोने हॉर्न दिला. काकू रस्त्याच्या मधोमध, मजेत. पुन्हा हॉर्न. काकूंना बाजूला व्हायची खूण करायला मी हात उचलला, तर काकांनी माझा दंड धरला. "तिला दचकवू नका, पडेल!" आणि ते दोन्ही हात वर करून टेम्पोकडे बघत रस्त्याच्या कडेने धावत सुटले. सत्तरीचा, सहा फुटांचा माणूस, हातात पाना.

टेम्पो थांबला. इंजिन बंद झालं. ड्रायव्हर खाली उतरला आणि दाराला टेकून उभा राहिला.

काकू माझ्यापर्यंत आल्या, माझ्याभोवती वळल्या आणि पुन्हा चौकाकडे निघाल्या. टेम्पो दिसला तेव्हा त्यांना वाटलं, तो तिथे पहिल्यापासूनच उभा आहे. जाता जाता त्यांनी ड्रायव्हरला मान डोलावली. अशा तीन फेऱ्या झाल्या.

मी त्याच्यापाशी गेलो. "सॉरी हां. त्यांना ऐकू येत नाही."

"त्ये कलला मना," तो म्हणाला. नाव जनार्दन, गव्हाणचा. "चालू द्या त्यांचा. आमाला घाई नाय."

"मागे कोळंबीवर बर्फ असेल ना?"

"हाय ना. वितळतंय." तो हसला. "माजी आय पन आयकत नाय. पन सायकल चालवायचा तिच्या मनात नाय आला, नशीब माजा."

सात वाजता काकांनी वही काढली आणि शून्य लिहिलं.

"काका, टेम्पो?" मी म्हटलं. गेल्या रविवारी बाहेर जाणारा टेम्पो मी मोजलाच नव्हता, हेही कबूल केलं. चूक माझी होती, पण आकडा तो आकडा.

"उभा होता."

"उभं वाहनही एक. नियम तुमचा."

काकांनी वही मिटली. "माणूस दिसल्यावर जे थांबतं, इंजिन बंद करतं आणि वाट बघतं, त्याला मी वाहन म्हणत नाही."

बैलाला त्यांनी अर्धं धरलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

वितळलेल्या बर्फाचे किती द्यायचे, असं काकांनी विचारलं तर जनार्दनने कानांना हात लावला. मग काकूंनी डबा उघडला. त्यांच्यात नवस फिटला की एलियाहू पैगंबराच्या नावाने मलिदा करतात: पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलदोडा. काकूंनी चाळीस वर्षांचा नवस फेडायला तो करून आणला होता. द्रोण चार होते. काकू हात पुढे करून वाटायला लागल्या, तसे काका मध्ये आले आणि त्यांनी हिशेब बदलला.

एक काकूंना, एक स्वतःला. माझा एक कापला, कारण बाहेर येणारं वाहन मी मोजलं नव्हतं. जनार्दनला दोन.