अवं, हळद कोठं हाय?

आमच्या आंजी गावचे नथ्थूजी किराणावाले जिवंत विनोदी माणसाला हसत नसत. हसायचं तर तो आधी मेलेला पाहिजे, अशी त्यांची अटच होती. मग तो सिनेमातला असो, खडी गंमतीतला असो, नाहीतर केबलवर नुकताच आलेला कुणी पोऱ्या असो. आम्ही पोट धरून लोळत असताना नथ्थूजी तोंडावर बारा वाजवून विचारायचे, "जिता हाय का हा?" हो म्हटलं की त्यांचा निकाल तयार, "मंग मरू द्या. मंग पाहू."

मी गावच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. शाळा सुटली की नथ्थूजींच्या दुकानासमोरच्या बाकड्यावर आमची बैठक भरायची. नव्वदनंतरची ती वर्षं. गावात केबल आली होती, तरी बाकड्यावर विषय जुनाच चालायचा. गेलेल्यांपैकी हसवण्यात एक नंबर कोण? कुणी पडद्यावरच्या जाड्याची बाजू घ्यायचा, कुणी तोतऱ्याची. भांडणं पार शर्टाच्या कॉलरपर्यंत जायची. मग नथ्थूजी गुळाची ढेप फोडता फोडता आतून ओरडायचे, "गुलाब सोंगाड्या! बाकी सारे हमाल!"

हा गुलाब खडी गंमतीतला, म्हणजे आमच्याकडच्या तमाशातला सोंगाड्या. आमच्यापैकी कुणाच्याही जन्माआधी वारलेला. "तुम्ही पाह्यला का काकाजी?" असं विचारलं तर म्हणायचे, "माह्या बापानं पाह्यला. दोन दिवस उचकी थांबे नाई त्याची." आता बोला! बापाच्या उचकीपुढे आमचे सगळे सिनेमावाले गार.

पण खरं सांगू का, नथ्थूजींना त्या गुलाबाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या पोटात दुखत होतं ते शेजारच्या हिंगणी गावच्या सुदाम नकल्यामुळं.

सुदाम म्हणजे काडी पैलवान. नवरात्रातली शारदा असो, गणपती असो, शाळेचं गॅदरिंग असो, सुदामची नक्कल झाल्याशिवाय लोक उठायचे नाहीत. बाजारच्या दिवशी तो आंजीला यायचा, नथ्थूजींकडून चहापत्तीची पुडी घ्यायचा आणि उगाच तासभर दुकानात उभा राहायचा. आम्हाला वाटायचं, रिकामटेकडा आहे.

एका शारदेत सुदाम खांद्यावर दुपट्टा टाकून स्टेजवर आला. हातात काही नाही, बाजूला काही नाही. त्यानं डावा हात पुढं करून एका डब्यावर ठेवला. डबा नव्हताच, पण आम्हाला दिसला. मग मान मागं वळवून, माजघराकडं तोंड करून त्यानं हाक दिली, "अवं! हळद कोठं हाय?"

पाहता पाहता हशानं मंडप फुटला. कारण ते आम्ही सगळ्यांनी रोज पाहिलेलं होतं आणि एकाच्याही ध्यानात आलेलं नव्हतं. नथ्थूजी दिवसभर बायकोला हाका मारायचे. अवं, हिंग कोठं हाय? अवं, काडीपेटी कोठं हाय? आणि हात नेमका त्याच वस्तूवर! काकू हात पुसत बाहेर यायच्या, "थे काय, तुमच्या हाताखाली," म्हणायच्या आणि परत जायच्या. नथ्थूजी "हो का?" म्हणायचे. पुन्हा घटकाभरानं "अवं!"

त्या दिवशी बायकांच्या बाजूला काकू बसल्या होत्या. काकू म्हणजे गंभीर बाई. त्यांना हसताना गावानं कधी पाहिलं नव्हतं. त्या काकू इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की माझ्या बायकोच्या खांद्यावर कोसळल्या. डोळ्यांतून पाण्याच्या धारा. नथ्थूजींनी पुढची नक्कल पाहिलीच नाही. ते मान वाकडी करून बायकांकडेच बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रागारागानं हळदीचा डबा वरच्या फळीवर मागं सारला. झालं! गिऱ्हाईक आलं आणि डबा खरंच सापडेना. शेवटी हाक मारावीच लागली. दुकानासमोरून जाणाऱ्या पोरांनी ती झेलली आणि "अवं"चा गजर करत पार शाळेपर्यंत नेली.

संध्याकाळी बाकड्यावर मी एकटाच पाहून नथ्थूजी जवळ आले. "मास्तर, नक्कल केल्याचं मले काही नाई. करू दे. पन मी बी तं रोज थेच करून राह्यलो ना? त्याच्याहून चांगलं करतो. मंग घरी काऊन नाई हासत तुमची काकू? अस्सल माल घरात पडला हाय आन् हे नक्कल पाहून हासते!"

काकूंना हसवायचा त्यांनी चंग बांधला. एकदा डोक्याला टॉवेल गुंडाळून स्वयंपाकघरात गिरकी घेतली. काकूंनी कपाळाला हात लावून पाहिला आणि विचारलं, "कणकण हाय का अंगात?" एकदा कॅलेंडरच्या मागचा विनोद पाठ करून सांगितला. काकूंनी पोळी लाटता लाटता सगळा ऐकला आणि म्हणाल्या, "मंग त्या बाईचं पुढं काय झालं?" नथ्थूजी त्या दिवशी न जेवता दुकानात येऊन बसले.

आता माझंही सांगतो. सुदामवर नथ्थूजी जळत होते, तसा मीही जळत होतो. मी जन्मभर पोरांना माणसाचं चित्र काढायला शिकवलं. एकदा नथ्थूजींचंच काढलं, तर गाव म्हणालं, सरपंच मस्त जमला. आणि हा हिंगणीचा फाटका माणूस रिकाम्या हातानं अख्खा नथ्थूजी उभा करतो! बरं, करायची तर माझी कर ना. मी मुद्दाम त्याच्यासमोर खाकरलो, चष्मा खालीवर केला, खडूचा हात झटकला. पठ्ठ्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मागं भिंत आहे आणि मध्ये कुणीच नाही. आमच्या घरात आरसा आहे, बायको आहे, पण मला इतकं निरखून कुणी बघितलेलं नाही. नथ्थूजींच्या नशिबाचा मला भयंकर हेवा वाटायचा आणि त्यांना वाटायचं, आपल्यावर अन्याय झाला आहे.

सुदामनं ती नक्कल जिल्हाभर नेली. नथ्थूजी एकदा कारंजा घाडग्याला लग्नाला गेले, तर पंगतीत वाढणारा वरणाची बादली खाली ठेवून म्हणाला, "काकाजी, हळद सापडली का?" नथ्थूजी तरातरा उठून हायवेवर आले आणि येणाऱ्या पहिल्या गाडीला हात करून बसले. मागाहून कळलं, ती उलट्या दिशेची, अमरावतीची होती.

दरवर्षी शारदेच्या आधी ते जाहीर करायचे, "यंदा मी येत नाई." आणि मंडपात सगळ्यांच्या आधी जाऊन बसलेले असायचे. जागा ठरलेली. स्टेज दिसलं नाही तरी चालेल, पण बायकांची बाजू दिसली पाहिजे. काकू हसल्या की हे दात ओठ खायचे, पण नजर हलवायचे नाहीत.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात सुदाम काविळीनं गेला. बातमी बाकड्यावर आली. एकानं चेष्टा करायची म्हणून केली, "काकाजी, आता तं मेला. आता हासान?"

नथ्थूजींनी हातातलं माप आपटलं. "उठा! चालते व्हा माह्या दुकानासमोरून!" असं ते कधीच बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी दुकान बंद. मयतीला हिंगणीला गेले होते. विचारलं तर म्हणाले, "मयतीले कोन जाते? मले तिकडं मिरची पाह्याची होती."

महिनाभरानं गावानं चौकात सुदामची शोकसभा ठेवली. संध्याकाळी माणसं जमली, फोटोला हार घातला. भाषणं झाली. सगळ्यांनी सुदाम एक नंबर म्हटलं. मग नथ्थूजी न बोलावता उठले. माईक धरला. "एक नंबर गुलाब सोंगाड्याच," ते म्हणाले. फोटोकडं पाहून म्हणाले, "सुदाम दोन नंबर." त्यांच्या तोंडून हे निघणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवणं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मग त्यांनी जे केलं, त्याची कुणालाच कल्पना नव्हती. त्यांनी माईक बाजूला ठेवला, डावा हात पुढं केला, मान वळवली आणि हाक दिली, "अवं! हळद कोठं हाय?"

जमलं नाही हो. अजिबात जमलं नाही. हात कुठंतरी, मान कुठंतरी, आवाज सरकारी जाहिरातीतला. स्वतःचीच नक्कल त्या माणसाला येत नव्हती. लोक लाजेकाजेस्तव हसले. नथ्थूजींचं लोकांकडं लक्षच नव्हतं. ते काकूंकडं बघत होते. काकूंनी तोंडाला पदर लावला होता आणि त्या रडत होत्या.

घरी येताना मी सोबत होतो. काकू पुढं चालत होत्या. "पाह्यलं मास्तर?" नथ्थूजी मला म्हणाले. "मेला तरी त्यानंच जितलं. मी केलं आन् हे त्याच्यासाठी रडते." मग त्यांना राहवेना. ओट्यावर काकूंना त्यांनी विचारलंच, "इतकं काय होतं वं त्याच्यात? काऊन रडली त्याच्यासाठी?"

काकू दाराला टेकून उभ्या राहिल्या. "त्याच्यासाठी काऊन रडीन मी? तुमी किती मोठे हा माह्याहून. मले वाटे, उद्या तुमाले काही झालंच तं तो हाय. तो शारदेत येईन, तुमच्यासारखी मान वळवीन, मले हाक मारीन. वर्षातून एक डाव तं तुमी दिसान. आता तोच गेला. मी कोठं पाहू तुमाले?"

असं म्हणून त्या आत गेल्या आणि भांडी घासायला लागल्या. नथ्थूजी ओट्यावर बसून राहिले. मी घरी आलो आणि बायकोला विचारलं, मी कसा चालतो ग? ती म्हणाली, जेवून घ्या.

आठवड्याभरानं दुपारी शाळेत निरोप आला, काकाजींनी बोलावलं. गेलो तर त्यांनी मला थेट गल्ल्यावर नेऊन बसवलं. खांद्यावर आपला दुपट्टा टाकला. "मास्तर, आजपासून तुमी मी व्हा. शिका."

"मी?"

"मंग कोन? तुमी तं रोज पाह्यता मले. म्हना, अवं."

म्हटलं. "असं नाई! मी काय बकरी हाओ?" पुन्हा म्हटलं. "हे तं तहसीलदारावानी झालं." मग स्वतः करून दाखवायला गेले, तेही चुकलं. चार दिवस हा छळ चालला. गिऱ्हाईक आलं की मला पोत्यामागं दडवायचे. पाचव्या दिवशी मी वैतागून म्हटलं, "काकाजी, मला नाही जमत. जाऊ द्या." ते हिरमुसले. आतून काकूंनी चहा आणून ठेवला आणि त्या वळल्या.

मी चिडलेला होतो. काही न ठरवता कप उचलला. दांडी आपल्याकडं फिरवली, चहा बशीत ओतला, पण ओठाला लावला नाही. आधी डोकं थोडं झुकवून आतल्या दाराकडं पाहिलं, ती आहे की गेली. आहे म्हटल्यावर खोटंच खोकलो, आणि मगच फुर्रकन ओढला. नथ्थूजी रोज असंच करत. हे आपण पाहिलं आहे, हे मलाच माहीत नव्हतं.

मागं वळून पाहणाऱ्या काकूंना दारातच हसू फुटलं. त्या उंबऱ्यावर बसल्या, पदर तोंडात धरला, तरी हसू आवरेना. "अवो माय!" एवढंच म्हणत होत्या.

नथ्थूजींचा चेहरा फुलला. डोळे भरले. मग तो चेहरा माझ्या डोळ्यांदेखत आंबट झाला. "यात हासन्यासारखं काय हाय?" असं म्हणून त्यांनी माझ्या हातातली बशी काढून घेतली, खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि दंड धरून मला पायऱ्यांपर्यंत आणलं.

"जमलं तुमाले," ते हळूच म्हणाले. "इसरू नका आता." आत काकू अजून हसतच होत्या. नथ्थूजींनी एकदा तिकडं पाहिलं आणि माझा दंड आणखी घट्ट धरला. "पन मी हाओ तवापर्यंत तिच्यासमोर करायची नाई."