वयाचा मान राखून

हयातभर घड्याळं दुरुस्त केलेल्या अप्पांनी सत्तराव्या वर्षी पुन्हा लग्न करायचं ठरवलं. वधू, म्हणजे निवृत्त ग्रंथपाल बाई, यांची एकच अट होती: आधी दोघांनीही एचआयव्हीची तपासणी करून घ्यायची.

"विषाणू जन्मतारीख विचारत नाही," त्या म्हणाल्या. अप्पांना पटलं. पटणं सोपं होतं.

दवाखान्यातल्या तपासणी केंद्रात समुपदेशक मुलीने त्यांना अदबीने खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला.

"आजोबा, गुडघ्यांची रांग समोर आहे."

"गुडघे ठणठणीत आहेत. एचआयव्ही बघायचाय."

"कोणाचा?"

"माझाच की."

मुलीने दार लोटून घेतलं. नियमाप्रमाणे तिला शरीरसंबंधांविषयी विचारायचं होतं. पण वडीलधाऱ्यांना असलं काही विचारू नये, हा संस्कार नियमाहून जुना. तेव्हा तिने प्रश्न गाळले आणि उत्तरं स्वतःच ठरवली: संबंध नाहीत, सबब धोका नाही, सबब तपासणीचं प्रयोजन नाही.

"अगं, मला विचारून तरी बघ."

"नको आजोबा. आम्हाला तुमच्याबद्दल फार आदर आहे."

प्रकरण डॉक्टरांकडे गेलं. धोका नसताना तपासणीचा हट्ट, हे लक्षण त्यांना चिंताजनक वाटलं. त्यांनी अप्पांना स्मृतिभ्रंश विभागात धाडलं. तिथे अप्पांनी तारीख सांगितली, वार सांगितला, वर भिंतीवरचं घड्याळ मागे पडलंय हेही सांगितलं. स्मरणशक्ती उत्तम निघाल्यामुळे काळजी आणखीच वाढली. माणूस पूर्ण शुद्धीत असून हे मागतोय, म्हटल्यावर मुलाला बोलावणं भाग होतं.

मुलगा ऑफिसातून धावत आला. आपण या घरी टपालाने आलो, अशी त्याची लहानपणापासून समजूत होती.

"अप्पा, या वयात? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं रक्त कुठे काढतायत रे?"

तेवढ्यात बाई आल्या. सगळं ऐकून त्यांनी केंद्राच्या दारातच खुर्ची टाकली.

"दोघांचं रक्त घ्या. नाहीतर तुम्ही आदर करत बसा, आम्हीही बसतो."

जाण्यायेण्याची वाट अडली, तेव्हा कुठे आदर आवरता घेऊन सुई काढण्यात आली.

निकाल दोघांनी आतच ऐकला. बाहेर आले तेव्हा मुलगा दाराला कान लावून उभा होता आणि गुडघ्यांची अख्खी रांग उठून जवळ सरकली होती.

"काय निघालं?"

"लग्न ठरलं," अप्पा म्हणाले. "साक्षीदार म्हणून सहीला येशील ना?"

"ते येतो हो. पण निकाल?"

"सांगतो की. आधी तुझा सांग."

मुलगा बुटांकडे पाहू लागला. रांगेतली एकेक मान परत आपापल्या गुडघ्यांकडे वळली.

आणि वाचकहो, त्या रांगेत मागून कोणीतरी टाचा उंचावून डोकावत होतं, तेही अप्पांनी पाहिलं. तुमचा निकाल कधी काढलात?