बदकांवरचा आळ

"वाट आपण आखायची नाही काकू, वाट पायांनी आखायची!" लवू म्हणाला आणि विमलाबाईंनी हातातला चहा तसाच खाली ठेवला.

लवू म्हणजे दाजींचा पुतण्या. दिल्लीहून बागा आखण्याचं शास्त्र शिकून आलेला. 'लॅण्डस्केप आर्किटेक्ट' हा शब्द दाजींनी भाईंदरच्या बाजारात इतक्यांदा ऐकवला होता की भाजीवालीलाही तो पाठ झाला होता. मुर्ध्याच्या रस्त्याला त्यांनी घर बांधलं होतं, सभोवती ऐसपैस जागा होती आणि तिथली बाग घरच्याच पोराच्या हातून होणार म्हणून त्यांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

लवूने काका-काकूंना समोर बसवून डॉक्टरसारखी विचारपूस केली. ऊन कुठे खाता, पापड कुठे वाळवता, भांडण झालं की कोण कुठे जाऊन बसतं? मग सगळ्या आवारात लाल माती पसरून घेतली आणि सांगितलं, "आता महिनाभर नेहमीसारखे वावरा. जिथे तुमचे पाय जास्त पडतील तिथेच मी फरशी टाकणार. माती खोटं बोलत नाही."

"वा! काय डोकं आहे पोराचं!" दाजी उडालेच.

विमलाबाईंना मात्र ही कल्पना परवडणारी नव्हती. कारण त्यांचे पाय रोज सकाळी, दाजी मिठागराच्या कचेरीत गेले रे गेले की, थेट मागच्या कुंपणाकडे वळत. कुंपणात एक फट होती आणि फटीपलीकडे इनेझ होती.

इनेझ आणि तिचा नवरा सेबॅस्टियन हे उत्तनहून येऊन इथे राहिलेले. तीन वर्षांपूर्वी सेबॅस्टियनच्या बदकांनी दाजींचा मेथीचा वाफा फस्त केला. दाजींनी तिथल्या तिथे शपथ घेतली, "जो त्या घरात पाऊल टाकेल, त्याच्याशी माझं बोलणं बंद!" आणि दाजींचं बोलणं बंद म्हणजे चेष्टा नव्हे. सख्ख्या मेव्हण्याशी ते लग्नातल्या जिलबीवरून दोन वर्षं बोलले नव्हते. पण मुलं नोकरीला लांब गेलेली, गाव नवं. इनेझशी चार शब्द बोलल्याशिवाय विमलाबाईंचा दिवस सरत नसे. आता ही माती सगळं उघडं पाडणार होती.

त्यांनी पहिला उपाय केला तो खराट्याचा. जाऊन आल्या की माती सारखी करायच्या. तरी एक पुसट वाट उमटलीच. मग त्यांनी ठरवलं, दुसरीकडे इतकं चालायचं की ही वाट त्यापुढे फिकी पडेल. त्या तुळशीभोवती फेऱ्या मारू लागल्या.

"हे काय चाललंय?" दाजींनी विचारलं.

"प्रदक्षिणा. व्रत आहे."

"अरे वा! मग भजनाच्या बायकांना सांगितलं नाहीस?" दाजींनी बायकोचं व्रत उत्साहाने गावभर केलं. गुरुवारी सगळं भजनी मंडळ टाळ घेऊन हजर झालं. बायका तुळशीभोवती अशा काही फिरल्या की तिथे मळणीचं खळं झालं. वर प्रत्येकीला चहा.

एवढं करूनही कुंपणाकडची वाट ठळकच होत चालली. घाबरून विमलाबाईंनी इनेझकडे जाणंच सोडलं. करमेना, जेवण गोड लागेना. दुपारी पलीकडून इनेझच्या शिवणयंत्राचा आवाज आला की डोळे भरून यायचे. पण शनिवारी नेहमीच्या भजनाहून परत येऊन बघावं तर वाट आणखी खोल! 'मेली ती बदकंच येत असणार,' त्यांनी मनाशी म्हटलं.

आणि एका शनिवारी दुपारी लवू न कळवता येऊन थडकला. विमलाबाईंचं भजन राहिलं. का कोण जाणे, दाजींचाही चेहरा पडला.

लवू आवारात फिरला आणि नाचायचाच बाकी राहिला. "काका, अप्रतिम! हे तुळशीभोवतीचं रिंगण म्हणजे बागेचं मन! आणि ही बघा तुमची खरी वाट. स्वयंपाकघराच्या दारातून थेट... कुंपणात?"

"बदकं!" दाजी ओरडले.

"बदकं!" त्याच क्षणी विमलाबाईही ओरडल्या.

लवू उकिडवा बसला. "एवढी खोल वाट बदकांनी पडत नाही. शिवाय ही बदकं वहाणा घालतात. हा मोठा ठसा, अंगठ्याशी ठिगळ लावलेल्या वहाणेचा."

विमलाबाईंनी हळूच दाजींच्या वहाणांकडे पाहिलं. अंगठ्याशी ठिगळ होतं. तेवढ्यात कुंपणाच्या फटीतून सेबॅस्टियनचं डोकं आत आलं. मागे ट्रान्झिस्टरवर कॉमेंट्री गर्जत होती.

"दाजी, लंच संपला, बॅटिंग चालू झाली! येतंय का न्हाय?"

"रेडिओ म्हणजे रिकामटेकड्यांचं खेळणं" असं घरात बजावणाऱ्या दाजींनी आभाळाकडे बघितलं. सेबॅस्टियनच्या काखेखालून दुसरं डोकं डोकावलं, इनेझचं. "विमलबाय, आठ दिस कुठं गेली व्हतीस गो? आजारी हाय का?"

विमलाबाई दाजींकडे वळल्या.

"दर शनिवारी?" त्यांनी विचारलं.

"टेस्ट असली की," दाजी पुटपुटले. "आणि तू?"

"रोज. पण मी शपथ घेतली नव्हती. तुमचं सांगा. जो त्या घरात जाईल त्याच्याशी बोलणं बंद ना? मग स्वतःशी कधीपासून अबोला धरताय?"

लवूला हसू आवरेना. सेबॅस्टियनला कळेना, पण तोही हसला. दाजींनी मिशी चाचपली, घसा खाकरला आणि पुतण्याला हुकूम सोडला, "फरशी टाक. कुंपणापर्यंत. आणि तिथे एक फाटक."

"कडी कुठल्या बाजूला, काका?"

दाजी उत्तर देणार तोच सेबॅस्टियनच्या पायांमधून एक बदक आत शिरलं. त्याच्यामागे दुसरं, मग सगळीच. तीन वर्षांत पहिल्यांदाच ती या आवारात येत होती. नव्या वाटेवरून एकामागून एक डुलत ती नव्या मेथीच्या वाफ्याकडे निघाली. विमलाबाई खराटा उचलायला धावल्या.

"राहू दे गं," फटीत एक पाय घातलेले दाजी म्हणाले. "आधी स्कोअर काय झाला तो बघू, चल."