बापक विर्योंची अंगठी

"लेगियेम, अंगठी काढ," बापक विर्यो परसातून म्हणाले.

लेगियेमने निमूटपणे बोटाला साबण लावला. लग्नातली अंगठी, एकतीस वर्षांत बोट वाढलं, अंगठी काही वाढली नाही. तरी पिल्लं तीन आठवड्यांची झाली की ती उतरवावीच लागे. पिल्लू नर की मादी, हे जावातल्या त्या साऱ्या गावात एकट्या बापक विर्योंना कळतं, असं खुद्द बापक विर्योंचं मत होतं. अंगठी दोऱ्याला बांधून पिल्लावर धरायची. सरळ झुलली तर नर, गोल फिरली तर मादी. कधी चुकलंच, तर ते पिल्लाचं चुकलं.

या खेपेला मात्र चुकून चालणार नव्हतं. पिल्लं अंड्यांतून निघाली त्याच आठवड्यात नात झाली होती, सेकार. आठ महिन्यांनी तिचे पाय पहिल्यांदा मातीला लावायचे, त्या दिवशी जेवणात इंगकुंग हवा, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला अख्खा कोंबडा. कोंबडाच, कोंबडी नाही. सोलो शहरातून येणाऱ्या विहीणबाईंना बापकनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "कोंबडा माझ्या परसातला. विकतचा आणला तर नाव बदलीन." आणि स्वयंपाकाला येणाऱ्या पाच शेजारणींना एकेक मादी द्यायचंही कबूल करून बसले होते.

"एखादी तरी ठेवा हो," लेगियेम म्हणाली. "घरात अंडी होतील."

"अंडी काय, बाजारात मिळतात. शब्द दिलाय मी."

काम सुरू झालं. बापक अंगठी झुलवायचे, "नर" किंवा "मादी" असं जाहीर करायचे आणि पिल्लू तिच्या हातात द्यायचे. ती पिल्लाचा तुरा बघायची, पाय चाचपायची, आणि मग दोरा बांधायची. नराला लाल, मादीला काळा, असं ठरलेलं होतं. नऊ पिल्लांचे दोरे शेवटी मोजले, तर लाल चार आणि काळे पाच निघाले. पाच शेजारणी, पाच माद्या; त्याच दिवशी वाटूनही झाल्या. बापकना वाटलं, देवसुद्धा आपल्याच बाजूचा आहे.

दोन महिन्यांनी त्या पाचजणींतली शेजारची इबू पार्जिलाह (तिकडे पुरुषांना मानाने बापक म्हणतात, बायकांना इबू) कुंपणाशी आली. "बापक, माझ्या कोंबडीला भलताच लाल तुरा आलाय."

"चांगल्या घराण्यातली आहे ती."

आणखी दोन महिन्यांनी ती परत आली. "बापक, कोंबडी पहाटे आरवते."

"घसा साफ करत असेल."

पाच दिशांनी पाच घसे रोज पहाटे साफ होऊ लागले. बापक उशी कानावर दाबून झोपायचे. त्यांच्या अंगणातले चार लाल दोरेवाले मात्र अगदी गप्प. कुणी विचारलंच तर बापक म्हणायचे, "माझे कोंबडे शहाणे आहेत, उगाच बोंबलत नाहीत." मनातून ते धास्तावले होते, पण बोलून बसलेला माणूस मागे कसा फिरणार? त्यातल्या त्यात सुख एवढंच, की हल्ली लेगियेम रोज भाताबरोबर मिरचीच्या वाटणातलं अंडं वाढायची.

"अंडी स्वस्त झाली वाटतं," ते म्हणायचे.

"झाली तर," लेगियेम म्हणायची.

समारंभाच्या आदल्या दिवशी बापक सुरी परजून खुराड्याशी गेले आणि त्यातल्या त्यात धष्टपुष्ट कोंबडा उचलला. खाली अंडं होतं. गरम. दुसरा उचलला, तर तिथेही तेच. उरलेल्या दोघांखालीही अंडीच. बापकनी सुरी खाली ठेवली. संध्याकाळी विहीणबाई दारात उभ्या राहणार होत्या, आणि बाजार होता चार दिवसांनी.

मान खाली घालून ते पार्जिलाहच्या अंगणात गेले.

"इबू, तुमची ती जरा हवी होती. मी दिलेली."

"कोंबडी होय? ती कशी देऊ बापक? आज ना उद्या अंडं घालेल म्हणून वाट बघतेय." कुंपणावरच्या त्या कोंबडीने हिरव्याकाळ्या शेपटीचा झुबका झटकला. "आणि इंगकुंगला कोंबडा लागतो. विहीणबाईंना कोंबडी वाढणार तुम्ही?"

"कोंबडा आहे तो," बापक पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले.

"काय म्हणालात? हल्ली मला कमी ऐकू येतं."

"कोंबडा आहे."

पडवीत खोबरं खवत बसलेल्या बाकीच्या चौघी शेजारणींचे हात थांबले. "बायांनो, ऐकलंत ना?" पार्जिलाह म्हणाली. "बापकनी सांगितलं, म्हणजे आता खात्री झाली." आणि तिने स्वतः कोंबडा धरून त्यांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सेकार आधाराने मातीवर दोन पावलं टाकून धपकन बसली, आणि सगळ्यांनी कौतुक केलं. विहीणबाईंनी इंगकुंगची चव घेतली. "घरचाच ना?"

"घरचाच. फक्त शेजारी वाढला," बापक म्हणाले.

"अगदी मुलीसारखा वाढवलाय हो आम्ही," पार्जिलाह म्हणाली, आणि पाचही जणींना हसू आवरेना.

बापक ताटाकडे बघत राहिले. नातीच्या जेवणात आपली अशी शोभा व्हावी, याचं त्यांना खरंच वाईट वाटलं. मग एकाएकी त्यांची मान वर आली.

"नऊच्या नऊ चुकली," ते सावकाश म्हणाले. "अंदाजपंचे सांगितलं असतं तर चारपाच तरी बरोबर आली असती की नाही? नऊच्या नऊ चुकायला विद्या लागते. अंगठी बरोबरच सांगत होती. मीच उलटं लक्षात ठेवलं. गोल फिरली तर नर, सरळ झुलली तर मादी."

जेवणारे थांबले. हिशेबात खोट दिसेना. विहीणबाईंनी तर मान डोलावली, आणि जाताना आपल्या पिल्लांसाठी बापकना सोलोला यायचं आमंत्रणही दिलं.

पाहुणे गेल्यावर बापक पाय पसरून बसले. "लेगियेम, पुढच्या खेपेला बघ. एक चूक व्हायची नाही. माद्या सगळ्या वाटून टाकू."

"टाकू की," टोपली काखेत घेत लेगियेम म्हणाली. "तुम्ही सांगा, दोरे मी बांधीन." आणि ती आजची अंडी गोळा करायला परसात गेली.