पेरूच्या वासाची हमी

यॉर्कशरच्या एका घोंगडी कंपनीतल्या व्हिटमोरसाहेबांचं पत्र रंगनाथराव गोवंड्यांना अठ्ठ्याण्णव साली आलं, त्याला त्यांनी उत्तर दिलंच नाही. कराराची प्रत पोचल्याचं कळवून साहेबांनी खाली हातानं लिहिलं होतं, 'वडील पुण्यात नोकरीला होते. थंडीतल्या सकाळी तिथे पेरूचा वास येतो, म्हणायचे. अजून येतो का?'

तेव्हा नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत बसून चार पोरं तिकडचे कॉम्प्युटर सांभाळायची आणि रंगनाथराव त्या कामाचे करार. पत्र त्यांना फार आवडलं. पण कलम चौदा आडवं आलं: उभयपक्षी सर्व लेखी पत्रव्यवहार हा कराराचाच भाग समजावा. म्हणजे 'येतो' लिहिलं की वास पुरवणं आलं! खात्री करायला ते मार्केट यार्डात गेले.

"पेरूला वास येतो का हो?"

"घ्यायचेत, की नुसतेच हुंगायचेत?" व्यापाऱ्यानं विचारलं.

रंगनाथराव तसेच परतले. बरेच मसुदे फाटले आणि पत्र फायलीत गेलं.

पुढे रंगनाथरावांची कंपनी वाढली. घोंगडीवाल्यांनी आपलं पत्रव्यवहार खातंही पुण्यालाच चालवायला दिलं, आणि ते रंगनाथरावांच्याच टेबलावर आलं. वीसेक वर्षांनी एका डिसेंबरात मॅनेजर दीपाली धावत आली.

"सर, कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होत नाहीये! नाइंटी-एटची एक क्वेरी ओपन आहे. शुक्रवारपर्यंत क्लोज झाली नाही, तर काम दुसऱ्या कंपनीला. आपली अख्खी टीम घरी!"

"कसली क्वेरी?" रंगनाथरावांनी विचारलं.

"पेरूची. आधी क्लायंटतर्फे रिमाइंडर जायला हवं."

"ते कोण लिहितं?"

"तुम्हीच."

रंगनाथरावांनी स्वतःला कडक स्मरणपत्र लिहिलं. वाचून त्यांना फार लागलं.

"जरा सौम्य लिहायला हवं होतं," ते पुटपुटले.

"आता उत्तर द्या. पत्र पोस्टानं आलं, म्हणून उत्तरही पोस्टानंच. साहेब रिटायर झालेत, हा घरचा पत्ता. आणि पावती आणा."

त्यांनी लिहिलं, 'होय, अजून येतो. उशिराबद्दल क्षमस्व. मात्र या विधानाची हमी देता येत नाही.' सकाळी मार्केट यार्डातून किलोभर पेरू घेतले, या खेपेस न विचारता, आणि पिशवी घेऊन ते पोस्टाच्या रांगेत उभे राहिले.

"पेरू कोणी आणलेत हो?" काउंटरवरच्या बाई डोकं वर न करताच म्हणाल्या. "इथपर्यंत घमघमाट येतोय."

रंगनाथरावांनी पाकिटातून कागद काढला.

"आजोबा, लेखन घरी करायचं असतं," मागून कोणीतरी म्हणालं.

त्यांनी शेवटचं वाक्य खोडलं आणि पाकीट चिकटवलं. पुण्यातल्या सकाळींना पेरूचा वास पुरवायची जबाबदारी यापुढे कंपनीची होती. बाईंनी शिक्का मारला.