खाली वळलेला एक अंगठा

मानवजातीची प्रगती मतदानामुळे झाली, यात शंका नाही. पूर्वी खरं काय ते शोधण्यात माणसं आयुष्य घालवत. आता सगळ्यात जास्त वर केलेले अंगठे कोणत्या उत्तराखाली आहेत, एवढं पाहिलं की भागतं.

या व्यवस्थेवर आपल्या गिझर मेकॅनिकचा पूर्ण विश्वास होता. सव्वीस वर्षं त्याने लोकांच्या न्हाणीघरांत पाय ओले केले होते. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून तो बाहेरची कामं कमी घेई आणि घरगुती दुरुस्तीच्या एका ऑनलाइन मंचावर लोकांना सल्ला देई. (सेवा निःस्वार्थ होती. अंगठे तो दिवसातून फक्त चाळीस वेळा मोजत असे.)

सोमवारी 'टपटप' असं नाव घेतलेल्या कुणीतरी विचारलं, "गिझरच्या खालच्या व्हॉल्व्हमधून सारखं पाणी गळतंय. काय करू?" मेकॅनिकने पाच मिनिटांत आठ ओळी लिहिल्या: स्विच बंद करा, व्हॉल्व्ह बदलून घ्या, आणि काही झालं तरी ते भोक बुजवू नका, दाब वाढून टाकी फुटेल. या उत्तराला वरचा एक अंगठा मिळाला, तो त्याचा स्वतःचा. आणि खालचा एक. "बाटलीचं बूच ठोका, माझ्या मामांनी ठोकलंय, मामा मजेत आहेत," या उत्तराला मिळाले तीनशे बारा.

तीनशे बारा त्याने मोठ्या मनाने सोडून दिले. तो एक खालचा अंगठा मात्र जिव्हारी लागला. खरं उत्तर तळाशी गेलं आणि टपटपने बूच ठोकलं तर? मुळात अंगठा खाली करणारा होता कोण? "अंगठ्यामागील हेतू कळवावा," असं रीतसर आवाहन त्याने मंचावर टाकलं. तेवढ्यात आतून बायकोने हाक मारली, "अहो, ऐकता का जरा?"

"हं," तो म्हणाला आणि बसून राहिला.

बुधवारपर्यंत सत्तेचाळीस जबाब आले. एकोणीस जणांनी बूचवाल्याला अंगठा दिला, कारण आधीच पुष्कळांनी दिला होता. अकरा जणांना मामा आवडले. सहा जणांचं बोट घसरलं होतं. एका गृहस्थाकडे गिझरच नव्हता, पण चर्चेत आपण मागे पडायला नको असं त्याला वाटलं. उरलेल्या दहांनी एकमेकांच्या शिक्षणाविषयी लिहिलं आणि त्यांनाही भरघोस अंगठे मिळाले. गिझर गळतोय म्हणून मत दिलेला एकही इसम आढळला नाही. ("अहो, मी काय म्हणते..." "हं.")

गुरुवारी सकाळी तो खालच्या अंगठ्याच्या मालकाला तिसरं स्मरणपत्र लिहीत असताना न्हाणीघरातून ठोकल्याचा आवाज आला.

"काय चाललंय गं?"

"बूच बसत नाहीये. जरा मोठं आहे का कुठे?"

कुरकुरत्या गुडघ्यांनी ते अंतर दोन उड्यांत कापलं. आधी त्याने स्विच बंद केला, मग स्टुलावरच्या बायकोच्या हातून स्वतःचीच हातोडी काढून घेतली. तो चांगलाच घाबरला होता. (खाली भरलेली बादली होती. चार दिवस तो त्याच पाण्याने आंघोळ करत होता, असं नंतरच्या तपासात निष्पन्न झालं.)

"अगं, टाकी फुटली असती. मी तिथे स्पष्ट लिहिलं होतं."

"वाचलं की. प्रश्न मीच विचारला होता. घरात विचारलं तर हं, तिथे विचारलं तर पाच मिनिटांत आठ ओळी."

"मग तो खालचा अंगठा..."

"माझाच. उत्तर बरोबर होतं हो. पण व्हॉल्व्ह बदलणारा माणूस खुर्चीतून उठेना. बूच निदान मला ठोकता येतं."

व्हॉल्व्ह बदलायला वीस मिनिटं लागली. स्टूल तिने धरलं. दुपारी त्याच्या उत्तराचा खालचा अंगठा नाहीसा झाला आणि वरचे दोन झाले. तो इतका खूश झाला की त्या दिवशी त्याने पुन्हा मोजलेच नाहीत.

कथा आवडली असल्यास अंगठा वर करावा, नसल्यास खाली. हेतू कळवण्याची गरज नाही. फक्त ती वाचत असताना तुम्हालाही आतून दोनदा हाक आली आणि दोन्ही वेळा तुम्ही "हं" म्हणालात, एवढी नोंद आम्ही घेतली आहे.